उणे वजा केलं की वाढतं कसं?

सहावीत पूर्णांक संख्या शिकवायला घेतल्या की आठवड्याभरात वर्गात एक मंत्र फिरायला लागतो: ‘वजा वजा अधिक’. पोरं तो पाढ्यासारखा घोकतात. ७ − (−३) दिसलं की दोन आडव्या रेघांचं मनातल्या मनात अधिकचं चिन्ह करायचं, १० लिहायचं, मार्क घ्यायचे. पुढच्या ओळीत −३ − ५ असतं. तिथंही वजाच्या रेघा दोनच दिसतात. मंत्र म्हटला जातो आणि उत्तर पडतं ८. बरोबर उत्तर आहे −८. एकाच मंत्रानं वरच्या गणितात मार्क दिले आणि खालच्या गणितात कापले. पोराला वरचे का मिळाले हेही ठाऊक नसतं आणि खालचे का गेले हेही.

माझा कल अशा वेळी मंत्र न म्हणणाऱ्या पोराकडं असतो. मागच्या बाकावरून ते विचारतं, “सर, काढून घेतलं की वाढतंय कसं?” शंका रास्त आहे. पहिलीपासून आपणच त्याला सांगत आलोय की वजा म्हणजे कमी. पाचातून दोन गेले, तीन उरले. उत्तर नेहमी पहिल्या संख्येपेक्षा लहान. आणि आता सातातून काहीतरी वजा करायचं आणि उत्तर दहा? ज्याला हे खटकत नाही त्यानं एकतर खूप विचार केलेला असतो, नाहीतर अजिबातच केलेला नसतो.

आधी त्या दोन रेघांचा निकाल लावू. ७ − (−३) मधली पहिली रेघ एक क्रिया सांगते: पुढची संख्या वजा कर. कंसातली रेघ क्रिया सांगत नाही, ती संख्येचा ठिकाणा सांगते: ही संख्या शून्याच्या पलीकडच्या अंगाला आहे. वाचताना पहिलीला ‘वजा’ आणि दुसरीला ‘उणे’ म्हणा: सात वजा उणे तीन. याच पद्धतीनं −३ − ५ वाचलं तर होतं ‘उणे तीन वजा पाच’. इथं उणे संख्या वजा होतच नाही. वजा होतायत ते साधे पाच, आणि ते आधीच शून्याखाली असलेल्याला आणखी खाली नेतात. मंत्राला हा भेद दिसत नाही, कारण मंत्र रेघा मोजतो.

आता मुख्य प्रश्न. कोल्हापुरात राहणाऱ्याला तो समजवायला पावसाळा पुरतो.

जुलै लागला की राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी अख्ख्या गावाला तोंडपाठ असते. सकाळी दुधाच्या रांगेत, दुपारी रिक्षा स्टँडवर, रात्री प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विचारणा: “किती फुटांवर हाय?” इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. गंमत अशी की ३५ फूट ऐकल्यावर कुणी ३५ चा विचार करत नाही. ‘धोक्याला अजून आठ फूट हाईत’ असा हिशेब आपोआप होतो. म्हणजे बंधाऱ्यावरच्या पट्टीचा शून्य बाजूला ठेवून आपण धोका पातळीलाच शून्य मानलेलं असतं. पूर आला की पाणी शिरणाऱ्या सुतारवाड्यातल्या माणसाला तर दुसरा शून्य चालतच नाही.

तर तसं रीतसर मानू. ४३ फूट म्हणजे ०. इशारा पातळी त्याच्या चार फूट खाली, म्हणजे −४. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं होतं, ते या नव्या पट्टीवर +१२ फूट ७ इंच. जुलै २०२१ ची ५६ फूट ३ इंच ही पातळी +१३ फूट ३ इंच.

प्रश्न: २०१९ ला इशारा पातळीपासून शिखरापर्यंत पाणी किती चढलं? बंधाऱ्याची पट्टी वापरणारा म्हणेल, ५५ फूट ७ इंच वजा ३९ फूट, म्हणजे १६ फूट ७ इंच. यात ऋण संख्येचं नाव नाही, कुणाची शंकाही नाही. आता धोका पातळीला शून्य मानणारा तीच वजाबाकी आपल्या आकड्यांत मांडतो. नंतरची पातळी वजा आधीची पातळी: १२ फूट ७ इंच − (−४ फूट). याचं उत्तर काय यायला हवं? नदी एकच आहे. दोघांनी वेगवेगळे शून्य धरले म्हणून पाणी कमी-जास्त चढत नाही. उत्तर १६ फूट ७ इंचच आलं पाहिजे, आणि ते फक्त एकाच प्रकारे येतं: १२ फूट ७ इंचांत चार फूट मिळवून. पाण्याला आधी उणे चारवरून शून्यापर्यंत चार फूट चढावं लागलं, मग शून्याच्या वर १२ फूट ७ इंच. दोन टप्प्यांची ही बेरीज आहे.

काढून घेण्याची भाषा इथं कुठंच लागली नाही. वजाबाकी म्हणजे काढून घेणं, हा तिचा एक अर्थ झाला, पहिलीत पुरणारा. दुसरा अर्थ आहे फरक: कुठून कुठपर्यंत, किती आणि कोणत्या बाजूला. धन संख्यांच्या राज्यात दोन्ही अर्थ एकच उत्तर देतात म्हणून आपण त्यांच्यात फरक करत नाही. ऋण संख्या आल्या की पहिला अर्थ दम टाकतो, दुसरा बिनतक्रार चालत राहतो. शून्याच्या खालच्या ठिकाणापासून वरच्या ठिकाणापर्यंतचं अंतर हे नुसत्या वरच्या ठिकाणाच्या उंचीपेक्षा जास्तच असणार.

आणखी एक गोष्ट या पट्टीवर दिसते, ती मंत्रवाल्यांनी जरूर पाहावी. पाणी ३३ फुटांवर आहे, म्हणजे −१०. चढून ते इशारा पातळीला, −४ ला, आलं. फरक: (−४) − (−१०) = −४ + १० = ६. सहा फूट चढलं, बरोबर. पाऊस उघडला आणि पाणी परत ३३ ला उतरलं. आता फरक: (−१०) − (−४) = −१० + ४ = −६. सहा फूट उतरलं, हेही बरोबर. दोन्ही ठिकाणी ‘वजा उणे’ होतं, दोन्ही ठिकाणी त्याचं ‘अधिक’ झालं, पण दुसऱ्यात उत्तर ऋणच आलं. उणे वजा करणं म्हणजे मिळवणं, एवढंच नियम सांगतो. उत्तर धन येईल असं तो कुठंही म्हणत नाही. कित्येक पोरं (आणि त्यांचे पालकही) नियमात हे वाक्य स्वतःच्या पदरचं घालतात.

चिकित्सक वाचक म्हणेल, नदीचं उदाहरण तुम्हीच निवडलं, तुम्हाला हवं तसं निघणारच. नुसत्या संख्यांचं काय? पुस्तकात बऱ्याचदा एक आकृतिबंध देतात: ५ − २ = ३, ५ − १ = ४, ५ − ० = ५. वजा होणारी संख्या एकेकानं घटते तसं उत्तर एकेकानं वाढतं. म्हणून पुढं ५ − (−१) = ६, ५ − (−२) = ७. हे पाहायला छान आहे आणि पोरांना पटतंही. पण हा पुरावा नव्हे. आकृतिबंध शून्यापाशी थांबणारच नाही याची हमी कोण देणार? मला तो शंका जागवायला आवडतो, शंका मिटवायला नाही.

खरा पुरावा तिसरीच्या वहीत असतो. वजाबाकी केली की खाली पडताळा घ्यायचा: उत्तरात वजा केलेली संख्या मिळवा, पहिली संख्या परत आली पाहिजे. १२ − ५ = ७, पडताळा ७ + ५ = १२. हा पडताळा केवळ तपासणी नाही, तो वजाबाकीची व्याख्याच आहे. १२ − ५ म्हणजे अशी संख्या, की जिच्यात ५ मिळवले तर १२ होतात. वजाबाकी म्हणजे बेरजेतली गाळलेली जागा.

हीच अट ७ − (−३) ला लावा. समजा कुणी म्हटलं उत्तर ४. पडताळा: ४ + (−३) = १. सात आले नाहीत, उत्तर बाद. आता १०: १० + (−३) = ७. आले. म्हणजे १० हे उत्तर कुणाच्या मर्जीनं ठरलेलं नाही. वजाबाकीनं ऋण संख्यांच्या प्रदेशातही स्वतःचा पडताळा पाळायचा असेल तर दुसरं उत्तर शक्यच नाही. कुठल्याही संख्यांसाठी हे सहज दाखवता येतं. अ − (−ब) काढायचं आहे. अ + ब ही संख्या घेऊन बघू. तिच्यात −ब मिळवले तर अ + ब + (−ब). ब आणि −ब या विरुद्ध संख्या, त्यांची बेरीज शून्य. उरला अ. पडताळा जुळला. यात फक्त एवढंच वापरलं की प्रत्येक संख्येची एक विरुद्ध संख्या असते आणि दोघींची बेरीज शून्य होते. ऋण संख्या जन्माला आल्या त्याच या कामासाठी.

ज्याला हे एवढं समजलं त्याला वेगळा नियम पाठ करायला नको. शाळेत जे वाक्य शिकवतात ते त्याच्याच तोंडून निघेल: एखादी संख्या वजा करणं म्हणजे तिची विरुद्ध संख्या मिळवणं. पाच वजा करणं म्हणजे उणे पाच मिळवणं, उणे पाच वजा करणं म्हणजे पाच मिळवणं. एकच वाक्य, दोन्हीकडं लागू. −३ − ५ ला लावा: −३ + (−५) = −८. मंत्र जिथं फसला तिथं हे वाक्य फसत नाही.

हे वाक्य काही आजचं नाही. ब्रह्मगुप्तानं इ. स. ६२८ मध्ये ‘ब्रह्मस्फुटसिद्धांत’ लिहिला, त्याच्या अठराव्या अध्यायात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम येतात. धनातून ऋण किंवा ऋणातून धन वजा करायचं असेल तर दोन्ही एकत्र करावेत, असं तो स्पष्ट सांगतो. पाचशेहून अधिक वर्षांनी भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात तेच अर्ध्या ओळीत बसवलं: संशोध्यमानं स्वमृणत्वमेति स्वत्वं क्षयः. जी संख्या वजा करायची ती धन असेल तर ऋण होते, ऋण असेल तर धन होते. पुढं ते सांगतात, मग बेरजेची रीत वापरा. ऋण संख्या दाखवायला ते संख्येच्या डोक्यावर टिंब देत. रेघ नसल्यामुळे त्यांच्या विद्यार्थ्यांचा निदान आमच्या पोरांसारखा घोटाळा होत नसावा, असं मला उगाच वाटतं.

भास्कराचार्यांचं एक उदाहरण मला नियमापेक्षाही जास्त आवडतं. ‘लीलावती’त एक त्रिकोण आहे: दोन बाजू १० आणि १७, पाया ९. वरच्या कोपऱ्यातून पायावर लंब टाकला तर पायाचे दोन तुकडे किती लांबीचे होतील? गणित सोडवलं की उत्तरं येतात १५ आणि −६. नऊ लांबीच्या पायाचा तुकडा १५ कसा, आणि लांबी उणे कशी? भास्कराचार्य गडबडत नाहीत. ऋण आलं म्हणजे तुकडा उलट दिशेला आहे, असं ते सांगतात. लंब पायाच्या बाहेर पडतो. कागदावर काढून पाहा, लंबाची उंची ८ येते आणि सगळं जुळतं: ६, ८, १० चा एक काटकोन त्रिकोण आणि ८, १५, १७ चा दुसरा. लंब १० च्या बाजूकडं पडला, तर त्या टोकापासून लंबाचा पाय सहा बाहेर, आणि १७ च्या टोकापासून ९ + ६ = १५ अंतरावर. हे तुकडे काढताना आधी एक २१ येतो. तो म्हणजे बाजूंच्या वर्गांतला फरक भागिले पाया: (२८९ − १००) ÷ ९ = २१, हा तुकड्यांमधला फरक. तुकडे स्वतः १५ आणि −६. आणि १५ − (−६) = २१. आपलाच नियम, त्रिकोणाच्या पायाशी उभा.

युरोपात मात्र हे गळी उतरायला फार वेळ लागला. फ्रान्सिस मॅसेरेस या इंग्रज गणितज्ञानं १७५८ मध्ये अख्खं पुस्तक लिहून सांगितलं की वजाचं चिन्ह फक्त मोठ्यातून लहान वजा करण्यापुरतं ठेवा, सुट्या ऋण संख्या बीजगणितातून काढून टाका. ऑगस्टस डी मॉर्गन हा तर्कशास्त्रातला मोठा माणूस, जन्म मदुराईचा. त्यानं १८३१ मध्ये एक कोडं दिलं: बाप ५६ वर्षांचा, मुलगा २९ चा, बापाचं वय मुलाच्या दुप्पट कधी होईल? उत्तर येतं −२. डी मॉर्गनच्या मते हे उत्तर निरर्थक, प्रश्नच बदलून ‘किती वर्षांपूर्वी होतं’ असा करावा. पडताळा घेतला तर कळतं की दोन वर्षांपूर्वी बाप ५४ आणि मुलगा २७ होता. उत्तरानं स्वतःच सांगितलं होतं की मागं बघा. तेव्हा मागच्या बाकावरच्या पोराला शंका आली तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वाटेत एक खुलासा. ‘ऋण गुणिले ऋण धन’ हा वेगळा नियम आहे, वजाबाकीचा नव्हे. मंत्रामुळे दोन्ही एकात कालवले जातात. त्याचा पुरावाही वेगळा, पण छोटा आहे. (−१) × ० = ०. शून्याच्या जागी १ + (−१) लिहा आणि कंस सोडवा: (−१) × १ + (−१) × (−१) = ०. पहिला भाग −१. बेरीज शून्य यायची तर दुसरा भाग १ च असला पाहिजे. झालं.

विरुद्ध संख्या मिळवण्याचं हे वाक्य तुमच्या खिशातल्या मोबाइललाही रोज लागतं. बहुतेक संगणकांत पूर्णांकांची वजाबाकी बेरजेच्याच मंडलातून होते. आठ बिटांचं, म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या आठ घरांचं, उदाहरण घेऊ. त्यात २५६ वेगवेगळ्या नोंदी मावतात, ० ते २५५. −३ साठवायचं असेल तर २५३ ची नोंद वापरतात. कारण २५३ + ३ = २५६, आणि २५६ आठ बिटांत मावत नाही, वरचा बिट गळतो, शून्य उरतं. म्हणजे २५३ हा ३ शी विरुद्ध संख्येसारखा वागतो. ७ − ३ करताना यंत्र ७ + २५३ = २६० करतं, २५६ गळतात, ४ उरतात. आणि ७ − (−३)? −३ ची नोंद २५३, म्हणजे ११११११०१. प्रत्येक बिट उलटा केला की ००००००१०, त्यात एक मिळवला की ००००००११, म्हणजे ३. आता ७ + ३ = १०. चिपला ना मंत्र येतो ना काढून घेण्याची कल्पना. तिनं फक्त विरुद्ध संख्या शोधली आणि मिळवली.

एका ठिकाणी मात्र हा नियम चुकल्यासारखा दिसतो. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत सापडलेली, रोमशी व्यापार चालत होता त्या काळातली. ती पाहताना रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस आठवतो. जन्म इ. स. पूर्व ६३, मृत्यू इ. स. १४. जगला किती वर्षं? इसवी सनापूर्वीची वर्षं ऋण मानली तर १४ − (−६३) = ७७. प्रत्यक्षात उत्तर एकानं जास्त येतं. नियम बरोबर आहे, पट्टी सदोष आहे. इसवी सनाच्या गणनेत शून्य वर्षच नाही. इ. स. पूर्व १ संपलं की लगेच इ. स. १ सुरू. शून्य कुठंही धरा, फरक तोच राहतो, हे आपण बंधाऱ्यावर पाहिलं, पण पट्टीवर ते असावं तर लागतं. म्हणून खगोलशास्त्रज्ञ इ. स. पूर्व १ ला वर्ष ० म्हणतात, त्यामुळे इ. स. पूर्व ६३ होतं −६२. आता १४ − (−६२) = ७६. ऑगस्टस वारला १९ ऑगस्टला, आणि त्याला ७६ पूर्ण होणार होती २३ सप्टेंबरला.